तीर ना नोग की अन्नून? तुमच्या जगासाठी कुठला पाया घ्यायचा

केल्टिक वळणाचं, म्हणजे आयर्लंड-वेल्सच्या जुन्या दंतकथांसारखं, स्वतःचं एक जग लिहायला घेतलंय आणि पाया आयरिश ठेवू की वेल्श इथे गाडी अडलीये, असं असेल तर आधी एवढं ठरवा की तुमच्या जगात शिरणाऱ्याला किंमत काय मोजावी लागणार. तीर ना नोग हा आयरिश आणि अन्नून हा वेल्श दंतकथांमधला, माणसांच्या जगापलीकडचा देश. या दोन्हींच्या गोष्टींत माणूस जिवंतपणी तिकडे जातो, मेल्यावर नाही, पण पुढचा हिशोब अगदी वेगळा.

तीर ना नोग म्हणजे तरुणांचा देश, तिथे किंमत काळाची. उशीन हा आयरिश वीर नीव या तिथल्या राजकन्येबरोबर पांढऱ्या घोड्यावरून समुद्रापार जातो, त्याला वाटतं ३ वर्षं झाली आणि इकडे आयर्लंडमध्ये ३०० उलटलेली. घरची आठवण येते म्हणून परत येतो, जमिनीला पाय लावायचा नाही एवढीच अट, पण वाटेत काही माणसं एक जड दगड हलवत असतात, हा घोड्यावरूनच वाकून हात द्यायला जातो आणि खोगिराचा तंग तुटतो, खाली पडला तो म्हातारा होऊनच. मदतीला वाकला आणि सगळं गेलं, हे मला अजून लागतं.

अन्नूनमध्ये वर्ष म्हणजे वर्षच, कसोटी लागते ती शब्दाची. पुइल हा वेल्श राजा शिकारीला गेलेला, लाल कानांच्या पांढऱ्याशुभ्र कुत्र्यांनी पाडलेल्या हरणावरून त्यांना हाकलून तो आपली कुत्री सोडतो, आणि हाकललेली कुत्री निघतात अन्नूनच्या राजाची, आराउनची. भरपाई म्हणून दोघं वर्षभर एकमेकांच्या रूपात राहतात. पुइल रोज रात्री आराउनच्या राणीकडे पाठ करून झोपतो आणि वर्ष भरल्यावर हावगान या आराउनच्या शत्रूला एकच घाव घालतो, कारण दुसरा घातला की तो बरा होणार, मग तो कितीही विनवेना.

माझं मत सांगू का, मोठी कादंबरी किंवा गेमचं कॅम्पेन असेल तर डोळे झाकून अन्नून, कारण तिथे जा-ये होते, मैत्री टिकते, पुढच्या पिढीला तिथून डुकरं भेट येतात म्हणजे गोष्ट वाढतच जाते. तीर ना नोगचं दार एकदाच उघडतं, म्हणून ते एका कथेत जास्त चटका लावतं.

आयरिशच हवं पण परतीची वाट उघडी ठेवायची असेल तर नेरा या आयरिश योद्ध्याची गोष्ट बघा. साउइनच्या, म्हणजे हिवाळा सुरू होतानाच्या सणाच्या, रात्री तो गुहेतून पलीकडच्या जगात जातो, तिथे दिवस काढतो, आणि बाहेर येतो तर चुलीवरची कढई अजून उतरलेलीही नाही. कोणी विश्वास ठेवणार नाही म्हणून ऐन थंडीच्या तोंडावर तो सोबत उन्हाळ्यातला रानलसूण आणि प्रिमरोजची फुलं घेऊन येतो.