जुन्या एमपीएफआय एस्टीमला नवे फ्युएल होज: एका पावसाळ्यानंतर

होज उत्तम, क्लिपा भिकार. घाईत असाल तर एवढं पुरे. गाडी मारुतीची एस्टीम, एमपीएफआय म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी. होज म्हणजे पेट्रोलची रबरी नळी, क्लिप म्हणजे ती पाइपावर आवळणारी पट्टी.

होज एसएई जे३० आर९ (पेट्रोलच्या होजच्या मानकातला इंजेक्शनसाठीचा वर्ग) छापलेलाच घ्या. ई२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलात जुनं नायट्राइल रबर आधी फुगतं, मग टोकाशी तडकतं. आर९च्या आतल्या फ्लुओरोइलॅस्टोमर थराला इथेनॉल बाधत नाही. आर७ कार्ब्युरेटरसाठी. एमपीएफआयमध्ये अडीच-तीन बार दाब असतो, म्हणजे सुटलं तर ठिबकत नाही, फवारा उडतो. मे महिन्यात किंमत ऐकून हे फाजील लाड वाटले होते. आता ते मत मागे. आंब्याचा घाट आणि रत्नागिरीचा अख्खा पाऊस झाला, तरी टोकं मऊ आहेत आणि बॉनेटखाली वास नाही. फक्त टाकीच्या आत, पंपापाशी आर९ लावू नका. त्याचं बाहेरचं आवरण पेट्रोलात बुडून राहण्यासाठी नसतं, तिथे आर१० लागतो.

आता क्लिपा. ‘एसएस’ (स्टेनलेस स्टील) सांगून विकलेल्या क्लिपांचे स्क्रू गणपतीपर्यंत लालभडक. दुकानदाराचं उत्तर: “पट्टी एसएसच आहे हो, स्क्रू कोण बघतो?” समुद्राकाठी आम्ही स्क्रूच बघतो! गंजला की खाच झिजते, क्लिप कापावी लागते आणि ब्लेड होजला लागतं. म्हणजे दहा-वीस रुपये वाचवून महागाचा होज गेला. पाकिटावर डब्ल्यू२ असेल तर स्क्रू साधा, जस्त चढवलेला. डब्ल्यू४ म्हणजे पट्टी, स्क्रूचं घर, स्क्रू सगळं ३०४ स्टेनलेस स्टील. छाप नसेल तर लोहचुंबक खिशात ठेवा. स्क्रूला जोरात चिकटला तर पुढच्या दुकानात जा. शिवाय भोकांच्या पट्टीची जुबली क्लिप नकोच, तिच्या खाचा रबर चावतात. कडा वळवलेली, गुळगुळीत पट्टीची इंजेक्शन क्लिप मागा. माप होजच्या बाहेरच्या व्यासाचं द्या. आतलं सांगितलं की हमखास लहान मिळते.

होज धारदार ब्लेडने कापा. हॅक्सॉचा भुगा थेट इंजेक्टरकडे जातो, कारण फिल्टरच्या पुढच्या होजमधला भुगा फिल्टर अडवू शकत नाही. पाइपावर इंचभर चढवा, क्लिप पाइपाच्या टोकाजवळच्या फुगवट्याच्या मागे बसवा आणि रबर पट्टीच्या कडेबरोबर आलं की थांबा. जोर दाखवायची जागा ही नव्हे.

खोलण्याआधी पंपाचा रिले (पंपाला वीज देणारा स्विच) काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग बॅटरीची निगेटिव्ह सोडा. फीड (इंजिनाकडे जाणारी नळी) आणि रिटर्न (टाकीकडे परतणारी) यांना खूण करा. जोडून झाल्यावर रिले आणि निगेटिव्ह परत लावा, पण लगेच सेल्फ मारू नका. चावी ऑन, पंप दोन-तीन सेकंद घुमेल. ऑफ, थोडं थांबा, पुन्हा ऑन. असं चार-पाच वेळा केलं की लाइनमधली हवा रिटर्नने टाकीत जाते. मग टॉर्च घेऊन प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद फिरवा. वायरवरचा बल्ब नको, विडी तर नकोच. सगळं कोरडं असेल तरच सेल्फ, एका वेळी दहा सेकंदांच्या आत.

सुरू झाल्यावर पहिला अर्धा मिनिट आयडल वरखाली होईल, रेस देऊ नका. पंप घुमतच नसेल तर फ्यूज आणि रिले बघा. पंप चालतो पण इंजिन धरत नाही, तर फीड-रिटर्न उलटे झालेत किंवा होज कुठेतरी मुडपलाय. काळा धूर आणि पेट्रोलचा वास आला तर प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी लावायची राहिली; ती नसली की आयडललाही दाब चढाच राहतो आणि मिश्रण दाट होतं. इंजेक्टर साफ करायला कुणी पैसे मागायच्या आत ती नळी बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर कागद पुन्हा फिरवा. गरम असताना कोरडा दिसलेला जोड गार झाल्यावर पाझरू शकतो.

होजला पाचपैकी पाच. क्लिपांना एक, तोही पट्टीपुरता.