शिलाई मशीनशेजारी गीतमाला

सारेगामा कंपनीचा कारवां बाजारात आला २०१७ साली. जुन्या रेडिओच्या घाटाचा डबा, आत ५००० गाणी, नेट लागत नाही, मधेच जाहिरात येत नाही. घरातल्या थोरामोठ्यांना भेट द्यायची वस्तू म्हणून तो गावोगाव पोचला. मी तो घेतला तो मात्र त्यातल्या गीतमालेसाठी. लता, रफी, किशोर वेगवेगळे लावायची सोय त्यात आहे, मूडप्रमाणे गाणी आहेत, रेडिओ आहे. त्या सगळ्याबद्दल लोकांनी भरपूर लिहिलंय. गीतमालेबद्दल कुणी नीट लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही, म्हणून हे.

आर्वी तालुक्यातल्या एका गावात माझं शिलाईचं दुकान आहे. आधी बाबांचं होतं. एस.टी.च्या थांब्यासमोर टिनाची खोली, एक मशीन, कटिंगचं टेबल, गिऱ्हाइकाला बसायला बाकडं. जूनमध्ये शाळेचे गणवेश, पोळ्याच्या आधी पायजमे-बंड्या, मग दिवाळी, मग लग्नसराईचे ब्लाउज. या कामात हात आणि डोळे दोन्ही अडकलेले असतात, मोकळे असतात फक्त कान. म्हणून दुकानात काय ऐकायचं हा माझ्यासाठी वेळ घालवायचा प्रश्न नाही. दिवस कसा जातो ते त्यावर ठरतं.

ज्यांना गीतमाला माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९५२ साली रेडिओ सिलोनवर, म्हणजे कोलंबोच्या केंद्रावर, हिंदी सिनेमाच्या गाण्यांचा हा कार्यक्रम सुरू झाला आणि तो सादर करायचे अमीन सायानी. त्या काळात बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री होते आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली होती. लोकांना तर गाणी हवीच होती. मग सगळा हिंदुस्थान सुई सरकवून कोलंबो लावायला लागला. कार्यक्रम मुंबईत रेकॉर्ड व्हायचा, टेपा कोलंबोला जायच्या आणि तिथून शॉर्टवेव्हवर आपल्याकडे परत यायच्या. बिनाका टूथपेस्टवाले प्रायोजक, म्हणून बिनाका गीतमाला. वार बुधवार, वेळ रात्री आठ. सुरुवातीला नुसती सात गाणी असायची आणि श्रोत्यांनी ती सालवार लावून पाठवायची, त्याला बक्षीस होतं. पत्रांचा इतका ढीग पडायला लागला की १९५४ च्या अखेरीला ती स्पर्धा बंद करून गाण्यांचेच नंबर लावायला सुरुवात झाली. गाणी एकेक पायदान चढत जायची आणि सगळ्यात शेवटी, बिगुल वाजवून, पहिल्या नंबरचं गाणं. टीव्हीवर, मोबाइलवर जे जे ‘टॉप टेन’ आपण पाहतो त्या सगळ्यांच्या कितीतरी आधीचा हा कार्यक्रम.

आमच्या दुकानात तेव्हा बाबांचा ट्रान्झिस्टर होता. बुधवारी दुकान आठ वाजता बंद होत नसे. कंदील लावून बाबा काजं करत बसायचे आणि बाकड्यावर, पायरीवर, रस्त्याच्या कडेला माणसं. सिलोनचा आवाज एका जागी थांबत नसे. जवळ यायचा, दूर जायचा, ढग आले की खरखर इतकी व्हायची की गाणं कोणतं ते चालीवरून ओळखावं लागे. नेमका पहिल्या नंबरच्या गाण्याच्या वेळी आवाज बुडाला की सगळी मंडळी एकदम गप्प, आणि कुणीतरी बाबांना म्हणायचं, “भाऊ, जरा तिकडून फिरवा ना.” दुसऱ्या दिवशी शाळेत आधी तीच चौकशी, कोणतं गाणं चढलं अन् कोणतं घसरलं.

आता कारवांमध्ये काय मिळतं, ते आधीच स्पष्ट सांगतो. तो बुधवारचा कार्यक्रम जसाच्या तसा यात नाही. सायानींनी नंतर, वय झाल्यावर, मागे वळून वर्षावर्षाची गाणी सांगितली, ती ही मालिका. त्यामुळे त्या काळच्या जाहिराती ऐकायला मिळतील अशी आशा ठेवून कुणी घेऊ नये. आवाजही तरुणपणीचा नाही. थोडा जड झालाय, सावकाश झालाय. मला तो जास्त आवडतो. तरुण सायानी त्या बुधवारचं गाणं सांगायचे. हे म्हातारे सायानी त्या गाण्याचं पुढे काय झालं तेही जाणून आहेत, आणि ते त्यांच्या बोलण्यात उतरतं.

त्यांची सांगण्याची रीत ऐकण्यासारखी आहे. सुरुवात ‘बहनों और भाइयों’. बहिणी आधी. मग गाण्याचं नाव लगेच सांगत नाहीत. आधी सिनेमाबद्दल एखादी गोष्ट, मग संगीतकार, मग गाणारा, आणि आपल्या ओठावर गाणं आलं की नेमके थांबतात. त्या थांबण्यात माझा पाय पायडलवर हलका होतो आणि मशीन मंदावते. बटण दाबून पुढचं गाणं लावायची सवय असलेल्या माझ्या पुतण्याला हे आधी जमत नव्हतं. “काका, हा माणूस गाण्याच्या आधी इतका काहून बोलते?” असं तो विचारायचा. आता तोच बाकड्यावर बसून अंदाज बांधतो की पुढचं कोणतं लागणार. बोलणं ओलांडून नुसतं गाणं ऐकायचं असेल तर गीतमाला घेऊच नये. गाणी तर कुठेही मिळतात.

आणि सलग ऐकावी. वर्षांमागून वर्षं. उड्या मारत ऐकली तर अर्धी मजा जाते, कारण खरी गंमत क्रमात आहे. १९५७ चं उदाहरण घ्या. त्या वर्षी ‘प्यासा’ आला, ‘नया दौर’ आला, ‘मदर इंडिया’ आला. एकाहून एक मोठी नावं. आणि वर्षाच्या यादीत पहिलं कोण? ‘जनम जनम के फेरे’ मधलं ‘ज़रा सामने तो आओ छलिये’. संगीत एस. एन. त्रिपाठी, शब्द भरत व्यास, गायला रफी आणि लता. हा सिनेमा आज किती जणांना आठवतो? पण गाणं गावागावांत शिरलं होतं. आमच्याकडे शेवटच्या गल्लीतल्या एक मावशी नातीचा ब्लाउज घ्यायला आल्या होत्या, तेव्हा नेमकं हे लागलं. ब्लाउज इस्त्री होऊन तयार होता, पैसे देऊन झाले होते, पिशवी हातात होती. त्या बाकड्यावर टेकल्या, पदर सारखा केला आणि गाणं संपेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माह्या मायले येत होतं हे, दळता दळता म्हणे.” आईनं कुठल्या थेटरात जाऊन तो सिनेमा पाहिला नसणार. रेडिओवरूनच तो सूर त्यांच्या जात्यापर्यंत गेला होता.

१९६६ चं पहिलं गाणं ‘बहारों फूल बरसाओ’. आमच्याकडच्या वरातीत बँडवाले ते अजून वाजवतात, आणि वाजवणाऱ्या पोरांचे बापसुद्धा तेव्हा जन्मले नसतील. १९७४ ला ‘मेरा जीवन कोरा काग़ज़’, म्हणजे किशोरकुमारचा इतका उदास सूर, तरी पहिला नंबर. त्याच्या पुढच्या वर्षी, १९७५ ला, ‘रोटी कपड़ा और मकान’ मधली महागाईवरची कव्वाली. हे दोन नंबर एकामागून एक ऐकले की तो काळ समोर उभा राहतो. ७२ चा दुष्काळ मागे पडला होता, पण भाव खाली आले नव्हते, आणि बाबांकडे नवं कापड आणणारे लोक जुन्याला ठिगळ लावायला यायचे. महागाईचं गाणं वर्षाच्या माथ्यावर बसतं हे नुसत्या गाण्याच्या यादीत कळत नाही, क्रमात कळतं. आणि १९८६! डिस्कोचा काळ, कॅसेटचा काळ, आणि पहिलं कोणतं तर लताबाईंनी गायलेलं ‘यशोदा का नंदलाला’, सरळ अंगाई. ते लागलं की माझी बायको घरातून दुकानात येऊन उभी राहते.

नंबर लावायचे कसे, हेही मला महत्त्वाचं वाटतं. आधी रेकॉर्डच्या दुकानांतून खपाचे आकडे घेत. पण एखादं गाणं फार चाललं की दुकानातल्या रेकॉर्डच संपायच्या, मग खप शून्य, आणि लोकांच्या तोंडी असलेलं गाणं खाली. म्हणून गावोगावच्या श्रोता संघांची मतंही मोजायला लागले. म्हणजे ज्याच्या घरी ग्रामोफोन नाही, रेकॉर्ड विकत घ्यायची ऐपत नाही, त्याचंही पोस्टकार्ड मोजलं गेलं. आमच्या बाबांची पसंतीची कार्डं आर्वीच्या पोस्टातून जायची. एका शिंप्याचं मत मुंबईपर्यंत जात होतं याचा मला आजही अभिमान वाटतो.

टीव्हीवरच्या अशा कार्यक्रमांशी तुलना होणारच. नव्वदीत दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर बाबा सहगल ‘सुपरहिट मुकाबला’ करायचा, आणि पोरं त्याच्यासाठी वेडी होती. आमच्या गावात अँटेनावर मेट्रो दिसत नसे, फक्त पहिलं चॅनेल आणि त्यावरचा छायागीताचा भाऊ चित्रहार. मुकाबला पाहायचा तर ज्याच्याकडे डिश होती त्याच्या अंगणात. अलीकडे पुतण्यानं मोबाइलवर त्याचे जुने तुकडे शोधून दाखवले. रंगीत शर्ट, उड्या, रॅप, सगळं जोरात. पाहून आनंद झाला. पण तो कार्यक्रम पाहायलाच लागतो. मी सुईवरून मान वर केली की मुंढ्याची शिलाई वाकडी जाते. आणि दुसरं म्हणजे, तिथे गाण्याच्या नंबरापेक्षा सूत्रसंचालक जास्त लक्षात राहतो. सायानी इतके बोलूनही गाण्याच्या पुढे उभे राहत नाहीत. ही मोठी गोष्ट आहे.

आता यंत्राबद्दल. आवाज माझ्या खोलीला पुरून उरतो, रस्त्यापलीकडे थांब्यावर बसलेल्यांनाही ऐकू जातो. बोलण्याचा आवाज विशेष स्वच्छ आहे, आणि गीतमालेत तोच महत्त्वाचा. बॅटरी साधारण पाच तास चालते. आमच्याकडे दुपारी लाइन गेली तरी संध्याकाळपर्यंत काम भागतं. रात्री शेतावर ओलिताला नेणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावं, पाळी पहाटेपर्यंत असेल तर ती पुरणार नाही. शेजारचे एक भाऊ गव्हाला पाणी द्यायच्या रात्री मागून नेतात, आणि पहिल्या पाच तासांत सत्तर सालापर्यंत पोचलो की बंद होते म्हणतात. बटणं मोठी आहेत, जाड बोटांनी, खडूच्या हातानंसुद्धा दाबता येतात. धूळ आणि कापसाचा बारीक तंतू जाळीत बसतो, मी आठवड्याला दाढीच्या ब्रशनं झाडतो.

एक मर्यादा जाणून घ्या. यात सारेगामाकडे ज्यांचे हक्क आहेत तीच गाणी आहेत. सारेगामा म्हणजेच जुनी एचएमव्ही, आणि तिचा साठा एवढा मोठा आहे की पन्नास, साठ, सत्तर या दशकांत फारसं काही राहून गेल्यासारखं वाटत नाही. ऐंशीनंतर दुसऱ्या कंपन्यांच्या कॅसेटी बाजारात आल्या, त्यामुळे तुमचं लाडकं गाणं त्या काळातलं असेल तर आधी खात्री करा. गीतमाला पुढे १९८९ ला विविध भारतीवर आली आणि १९९४ ला थांबली, पण माझ्या मते तिचं सोनं पहिल्या तीस वर्षांत आहे, आणि तिथे हे यंत्र भरभक्कम आहे.

किंमत माझ्या खरेदीच्या वेळी सहा हजारांच्या आसपास होती. गावच्या शिंप्यासाठी ही रक्कम लहान नाही. मोबाइल आणि एखादा स्वस्तातला स्पीकर घेऊन हीच मालिका नेटवर फुकट ऐकता येते, हेही खरं. मी ते करून पाहिलं. मधेच जाहिरात येते, मधेच फोन वाजतो, पावसात नेटवर्क जातं, आणि सायानी नेमके थांबलेले असताना भलताच आवाज सुरू होतो. ज्याला दिवसभर काम करता करता ऐकायचं आहे त्यानं पैसे घालावेत असं मी ठामपणे सांगेन. दुकानदार, गिरणीवाले, स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाया, पानठेलेवाले, सगळ्यांसाठी.

२० फेब्रुवारी २०२४ ला सायानी गेले. बातमी कळली त्या दिवशी मी दुकानात दुसरं काही लावलं नाही. येणारा जाणारा विचारत होता आणि मी सांगत होतो. तरुण पोरांना नाव माहीत नव्हतं, पण आवाज ओळखीचा होता, कारण तो त्यांनी इथेच ऐकला होता.

घ्यायचा असेल तर दुकानात लावून पाहून घ्या. कारवांची लहान-मोठी बरीच मॉडेलं आहेत, लहानांत गाणी फार थोडी असतात, आणि सगळ्यांत गीतमाला असेलच असं नाही. आर्वीत नसेल तर वर्ध्याला किंवा नागपुरात सीताबर्डीवर बघा, आणि दुकानदाराला आधी १९५७ लावायला सांगा.