जुन्या पिकअपचा थ्री-पीस क्लच सेट: माल चांगला, पण डब्यात सगळं नाही

बोलेरो पिकअप असो की टाटा २०७, गाडी जुनी झाली की काउंटरवर प्रश्न ठरलेला: नुसती क्लच प्लेट द्यायची, की प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी) आणि रिलीज बेअरिंगसकट (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलून क्लच सोडवणारं) पूर्ण सेट? सेटच घ्या. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोन्हीकडे तेवढीच पडते. शिवाय जुन्या प्रेशर प्लेटचा डायफ्राम (दाब देणारी गोल स्प्रिंग) ढिला पडलेला असतो आणि त्याच्या फिंगरना (आतल्या पट्ट्यांना) बेअरिंगने खड्डे पाडलेले असतात. तिच्याखाली नवी प्लेट घातली तर रिकामी गाडी छान चालते, पण भरलेल्या गाडीने घाट लागला की क्लच स्लिप मारतो, म्हणजे इंजिन फिरतं पण जोर चाकांना पोचत नाही.

नामांकित कंपनीच्या सेटमध्ये खोट काढायला फारशी जागा नसते. लायनिंगखाली (प्लेटच्या घासणाऱ्या थराखाली) रिव्हिट पुरेसे खोल असतात, डॅम्पर स्प्रिंग हाताने हलत नाहीत, सगळ्या फिंगर एका पातळीत असतात. लोकल सेटमध्ये पहिली गडबड या फिंगरमध्येच दिसते. सपाट पट्टी आडवी धरून बघा, एखादी वर-खाली असेल तर सेट काउंटरवरच परत करा. मार्क कापायचे ते डब्यात नसलेल्या वस्तूंसाठी. पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं पुढचं टोक धरणारं), क्रँकचं मागचं ऑइल सील, गिअरबॉक्सचं पुढचं सील आणि प्लेट मधोमध बसवायचा अलाइनमेंट शाफ्ट बहुतेक वेळा वेगळे घ्यावे लागतात. नव्या क्लचच्या निम्म्या तक्रारी या न घेतलेल्या वस्तूंतून येतात आणि शिव्या सेटला बसतात.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘नवा सेट टाकला तरी गिअर पडत नाही’. गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याआधी इंजिन आयडलवर ठेवा, पेडल पूर्ण दाबून पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. खरखर झाली तर प्लेट सुटत नाही. आता पेडल भराभर तीन-चार वेळा पंप करून पुन्हा टाका. यावेळी गिअर गुपचूप पडला तर दोष हायड्रॉलिकमध्ये आहे (पेडलचा जोर फ्लुइडने क्लचपर्यंत नेणारे मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर), सेटमध्ये नाही.

क्लच बदलल्यावरच हे का होतं? प्लेट झिजत जाते तशा डायफ्रामच्या फिंगर गिअरबॉक्सकडे सरकतात आणि स्लेव्ह सिलिंडरचा पिस्टन आत ढकलला जातो. पिस्टन वर्षानुवर्षं त्याच जागी चालतो. नवी जाड प्लेट बसली की तो तोंडाकडे येतो आणि तिथे पाणी-चिखलाने गंज धरलेला असतो. त्यावर रबर सील घासून फाटतं. स्लेव्हचं बूट उलटून बघा, आत ओल असेल तर उत्तर मिळालं. रबर किट टाकून नेहमी भागत नाही. बोअरला नख अडकत असेल तर सिलिंडरच बदला. जुना होजही पेडल दाबताना हाताने चाचपा, फुगत असेल तर तोही काढा. नंतर लाइनमधली हवा काढा: एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने स्लेव्हचा निपल उघडायचा आणि पेडल सोडायच्या आत बंद करायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. क्लचच्या टाकीच्या झाकणावर ब्रेक फ्लुइडचा जो ग्रेड लिहिलाय, डॉट ३ किंवा डॉट ४, तोच घाला. इंजिन ऑइल चुकूनही नको, सगळी रबरं फुगतात.

स्लेव्हचा रॉड पूर्ण सरकतोय आणि तरी खरखर आहे, तर दोष बेल हाऊसिंगच्या (क्लचवरच्या आवरणाच्या) आत. प्लेट उलटी बसली असेल (हबची, म्हणजे प्लेटच्या मधल्या भागाची, फुगीर बाजू सहसा गिअरबॉक्सकडे येते, प्लेटवर तसं लिहिलेलंही असतं), नाहीतर बसवताना गिअरबॉक्सचा भार शाफ्टवर लटकून हब वाकला असेल. जॅक न लावता दोघांनी खांद्यावर घेऊन गिअरबॉक्स चढवला की हेच होतं. पायलट बेअरिंग जाम असलं तरी लक्षण तेच.

स्लिपची चाचणी सोपी आहे. हँडब्रेक ओढा, चाकांना उटी लावा, तिसऱ्या गिअरमध्ये थोडा रेस देऊन पेडल सोडा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. एकदाच करा, पुनःपुन्हा केलं तर प्लेट जळते. स्लिप मारत असेल तर स्लेव्हचा निपल क्षणभर उघडा. स्लिप थांबली तर लाइनमध्ये प्रेशर अडकून राहतंय: मास्टरचा पुशरॉड जास्त ताणलेला आहे, पेडलला फ्री प्ले (मोकळी चाल) नाही. तरीही थांबली नाही तर खालचं कव्हर काढून तेल शोधा. गंधकासारखा उग्र वास म्हणजे गिअर ऑइल, तो नसेल तर बहुधा क्रँकचं सील. तेल प्यालेली प्लेट पेट्रोलने धुऊन वाचत नाही.

गाडी उचलताना थरथरत असेल तर फ्लायव्हील (इंजिनाची जड चकती, जिच्यावर क्लच प्लेट दाबली जाते) बघा. निळे डाग असतील तर लेथवर फेस मारून (सपाट करून) घ्यायला हवा होता. फ्लायव्हीलला पायरी असेल तर लेथवाल्याला बजावून सांगा: घासणारा भाग जितका काढाल तितकाच प्रेशर प्लेट बसते तो भागही काढा, नाहीतर क्लॅम्पिंगचा दाब बदलतो. इंजिन माउंटही तपासा.

पेडल दाबल्यावर आवाज येत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर. न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर येतो आणि दाबल्यावर जातो, तर तो गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा. नवं रिलीज बेअरिंग आठवड्यात ओरडू लागलं तर फिटरने ते बाकीच्या सामानाबरोबर डिझेलमध्ये बुडवलं का, विचारा. सीलबंद बेअरिंगमधलं ग्रीस त्यात धुऊन जातं. उलट, नव्या प्रेशर प्लेटच्या चेहऱ्यावरचा गंजरोधक थर मात्र पुसायलाच हवा. स्प्लाइनवर (शाफ्टच्या खाचांवर) ग्रीसचा पातळ हात पुरे, ढिगारा लावला तर उडून लायनिंगवर जातं. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा.

पहिले ५०० किलोमीटर ओव्हरलोड आणि अर्ध्या क्लचवर चढ चढणं टाळा. खरेदीला जाताना जुनी प्लेट बरोबर न्या, स्प्लाइनचे दात मोजा आणि व्यास जुळवा. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक सेट बदलतात आणि एकदा बसवलेला सेट दुकानदार परत घेत नाही.