दहाव्या दिवसाचं काय? बेल्जियममधल्या गेल गावच्या कुटुंब-सेवेचं परीक्षण

बेल्जियमच्या अँटवर्प प्रांतात गेल नावाचं चाळीसेक हजार वस्तीचं गाव आहे. तिथं गंभीर मानसिक आजार असलेली माणसं अनोळखी कुटुंबांच्या घरी राहतात आणि पुष्कळदा आयुष्यभर राहतात. आज ही सेवा तिथलं सार्वजनिक मनोरुग्णालय चालवतं, पण ती सुरू झाली चर्चच्या दारात. वसईपासून गोव्यापर्यंत किती घरांत ही वाट ओळखीची आहे: मुलाला आवाज ऐकू येऊ लागतात, मग नोव्हेना (सलग नऊ दिवसांची प्रार्थना), मग रिट्रीट (प्रार्थना-शिबिर), मग डोक्यावर हात ठेवून प्रार्थना आणि शेवटी 'विश्वास कमी पडला' हा शेरा. त्या घरांना आणि त्यांच्या धर्मगुरूंना, पाळकांना गेलची सेवा नीट कळायला हवी.

सुरुवात संत डिम्फ्नाच्या आख्यायिकेपासून होते. ती आयर्लंडच्या राजाची मुलगी. पत्नीच्या मृत्यूनंतर बाप वेडापिसा झाला आणि मुलीशीच लग्न करायला निघाला. ती आपल्या धर्मगुरूबरोबर पळाली, बापानं गेलमध्ये गाठून तिचा शिरच्छेद केला. तेराव्या शतकात ही कथा लिहिली गेली आणि मनोरुग्णांना घेऊन यात्रेकरूंची रीघ लागली. चर्चला लागून रुग्णांची खोली बांधली गेली. रुग्णानं तिथं नऊ दिवस राहायचं, प्रार्थना करायची, संताच्या अवशेषांच्या पेटीखालून रांगत जायचं. भूत काढण्याचे विधीही होत. डिम्फ्नाच्या जुन्या मूर्तींमध्ये तिच्या पायाशी सैतान दिसतो, म्हणजे आजाराचं कारण काय मानलं जात होतं ते स्पष्टच आहे.

कारण चुकीचं होतं, सोय मात्र बरोबर झाली. खोली भरली की रुग्णांना गावातल्या घरांत ठेवत. नऊ दिवसांत गुण आला नाही, तर पुष्कळांना नातेवाईक तिथंच ठेवून जात आणि त्यांचा खर्च देत. दहाव्या दिवशी त्या माणसाला अंथरूण, जेवण आणि शेतात करता येईल असं काम मिळत होतं. गेलचं सगळं यश या दहाव्या दिवसात आहे असं मला वाटतं. नोव्हेना गावोगावी होत्या, पण नोव्हेनानंतरची खोली इतरत्र सहसा मिळत नव्हती.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर चर्चच्या हातून कारभार गेला, १८५० च्या सुमारास बेल्जियम सरकारनं तो घेतला आणि १८६२ मध्ये गावात रुग्णालय उघडलं. या रुग्णालयामुळे सेवेला पाठीचा कणा मिळाला. रुग्ण आधी तिथं दाखल होतो, त्याचं निरीक्षण होतं, औषधं बसतात, मगच घर शोधायचं. इच्छुक कुटुंबाच्या घरी सेवेची माणसं जाऊन पाहतात, रुग्णाला स्वतःची खोली मिळेल का हे बघतात. जोडी जुळली तर माणूस राहायला जातो. त्यानंतर परिचारिका ठरलेल्या फेऱ्या मारते आणि मागे मनोविकारतज्ज्ञ व समाजसेवकांचा संघ असतो. तब्येत बिघडली की रुग्णालयात खाट मिळते आणि सावरल्यावर माणूस त्याच घरी परततो. ही परतीची खाट नसती तर पहिल्याच वाईट रात्री कुटुंबानं हात टेकले असते. आपल्याकडे घरगुती आधाराच्या चांगल्या हेतूच्या योजना बहुतेक याच जागी मोडतात.

मोबदल्याचे दहाएक वर्षांपूर्वीचे आकडे पाहिले तर कुटुंबाला दिवसाला साधारण वीस ते पंचवीस युरो मिळत. त्यात माणसाचं खाणंपिणं निघतं, श्रीमंती येत नाही. रुग्णालयातल्या खाटेपेक्षा सरकारलाही हे पुष्कळ स्वस्त पडतं.

आता सर्वांत वादाचा भाग. घरच्यांना परंपरेनं निदान सांगत नाहीत. काय सांभाळायचं, कोणती सवय आहे, कोणती औषधं कधी द्यायची एवढंच सांगतात. फायदा असा की घरातली माणसं 'स्किझोफ्रेनिया' या शब्दाशी न वागता समोरच्या माणसाशी वागतात. एका रुग्णाला भिंतीतून सिंह येताना दिसत, तेव्हा घरची बाई ते सिंह हाकलून लावायची आणि तो शांत व्हायचा, असा किस्सा गेलबद्दल नेहमी सांगितला जातो. तिनं 'सिंह नाहीत' असा वाद घातला नाही आणि 'हा सैतान आहे' असंही म्हटलं नाही. प्रार्थनागटांत नेमकी ही दुसरी चूक होते. भासाला सैतानाचं नाव मिळालं की रुग्णाची भीती दुप्पट होते, आणि पुढं डॉक्टरांच्या औषधावरही त्याचा संशय बसतो. तोटा असा की निदान माहीत नसलेल्या माणसाला औषधाचे दुष्परिणाम किंवा आजार उलटण्याची सुरुवात उशिरा कळू शकते. म्हणून परिचारिकेच्या फेऱ्या चुकल्या तर ही पद्धत धोक्याची ठरते.

सगळ्यांसाठी ही सेवा नाही. एकोणिसाव्या शतकातल्या नियमांतही हिंसक, आग लावणारे आणि सतत पळून जाणारे रुग्ण वगळले होते. तीव्र झटक्यातल्या किंवा आत्महत्येच्या विचारांनी घेरलेल्या माणसाला आधी रुग्णालय लागतं, घर नंतर. आणि जुन्या गेलचं गोडवे गाणारं चित्रही खरं नाही: फ्रेंच डॉक्टर एस्किरॉल १८२१ मध्ये आले तेव्हा काही रुग्णांच्या अंगावर बेड्या होत्या. देखरेख ढिली पडली की दयाळू गावही माणसाला जखडतं, पुष्कळदा त्याचं रक्षण करतोय असं समजूनच. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं साखळदंडावर पूर्ण बंदी घातली आहे. ती प्रार्थनास्थळाच्या आवारात लागू होत नाही असं कुणी समजू नये.

रुग्णांचा आकडा १९३८ मध्ये ३,७०० च्या वर होता, अलीकडे तो दोनशेच्या आसपास आला आहे. शेती आटली, घरातली दोघंही नोकरीला जाऊ लागली, रुग्णांना सांभाळणाऱ्या पिढीचं वय झालं, आणि १९५० च्या दशकानंतर आलेल्या औषधांमुळे अनेकांना स्वतंत्रपणे राहता येऊ लागलं. यातलं शेवटचं कारण आनंदाचं आहे, पहिली तीन काळजीची. युनेस्कोनं २०२३ मध्ये या सेवेची दखल घेतली, पण प्रशस्तिपत्रानं रिकामी खोली मिळत नाही.

गेल जसंच्या तसं इथं आणता येणार नाही. एक गोष्ट मात्र कुठल्याही धर्मग्रामाला (पॅरिशला) उद्या करता येईल: प्रार्थनेच्या आधी डॉक्टर, आणि प्रार्थनेनंतर पाठपुरावा, हा क्रम लिहून नोव्हेनाच्या फलकाशेजारी लावावा. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा १६७३ वा परिच्छेद स्पष्ट सांगतो की आजार, विशेषतः मानसिक आजार, ही वेगळी बाब असून त्याचे उपचार हे वैद्यकशास्त्राचं काम आहे. भूत उतरवण्याचा विधी करण्याआधी आजाराची शक्यता दूर झाली आहे याची खात्री करण्याची सूचनाही तिथंच आहे. त्या फलकावर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक असावा. मानसिक आरोग्यासाठीची केंद्र सरकारची ही मोफत फोन-सेवा मराठीतही बोलते. प्रार्थनागटातल्या दोन माणसांवर ठरावीक जबाबदारी असावी: रुग्णाला ओपीडीत नेणं, गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधी विचारणं, आणि 'प्रार्थना केली, आता गोळ्या बंद करा' असं कुणी म्हटलं तर तिथल्या तिथं अडवणं. गोळ्या अचानक सोडल्या की आजार उलटण्याचा धोका फार वाढतो, आणि तो उलटला की दोष पुन्हा विश्वासावर येतो.

गेलला जाणं झालं तर डिम्फ्नाचं चर्च आणि जुन्या रुग्णालयातलं वस्तुसंग्रहालय, दोन्ही पाहावीत. चर्चमध्ये संताची गोष्ट मिळते. तिच्या नावानं गावानं नऊ दिवसांनंतर काय केलं, त्यासाठी मात्र संग्रहालयात वेळ काढावा लागतो.