रिक्वायरमेंट डॉक्युमेंट तपासून देणारी सोलापुरातील सेवा : एक अभिप्राय

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील आमच्या टेरी टॉवेलच्या कारखान्यासाठी साठा आणि जॉबवर्कचे सॉफ्टवेअर करून घेण्यापूर्वी त्याचे रिक्वायरमेंट डॉक्युमेंट (सॉफ्टवेअरने काय काय करायला हवे याचा लेखी तपशील) आम्ही शहरातील एका लहान सल्लागार कार्यालयाकडून तपासून घेतले. भाषा सफाईदार होऊन मिळेल एवढीच अपेक्षा होती. परत आलेल्या मसुद्यात मात्र दुरुस्त्यांपेक्षा प्रश्नच अधिक होते आणि माझ्या मते या सेवेचे मोल त्या प्रश्नांतच आहे.

आमचे मूळ वाक्य असे होते : ‘डाईंगहून सुताचा लॉट आल्यावर तो लगेच स्टॉकमध्ये दिसावा आणि तूट असल्यास संबंधितांना कळवले जावे.’ कारखान्यात हे कोणालाही समजते. पण ‘लगेच’ म्हणजे किती वेळात, किती कमी आले म्हणजे तूट धरायची आणि संबंधित कोण, हे प्रोग्रामरला त्यातून ठरवता येत नाही. त्याची त्यांनी दोन वाक्ये केली : ‘जेव्हा स्टोअरकीपर डाईंगचे चलन नोंदवेल, तेव्हा प्रणालीने त्या लॉटचे वजन 10 सेकंदांच्या आत साठ्यात दाखवलेच पाहिजे.’ ‘जर परत आलेले वजन पाठवलेल्या वजनापेक्षा 2 टक्क्यांहून अधिक कमी असेल, तर प्रणालीने प्रॉडक्शन मॅनेजरला सूचना पाठवलीच पाहिजे.’ हे आकडे त्यांनी आमच्याकडूनच वदवून घेतले आणि तुटीच्या मर्यादेवर आमच्या मॅनेजरचे व हिशेबनिसांचे एकमत नाही, हे त्या निमित्ताने प्रथमच उघड झाले.

‘जेव्हा–तेव्हा’, ‘जर–तर’ ही मांडणी ‘इअर्स’ (EARS) या, गरजा ठरावीक साच्यांच्या वाक्यांत लिहिण्याच्या पद्धतीची आहे. रोल्स-रॉइसमधील अभियंत्यांनी विमानाच्या इंजिनांच्या नियंत्रण प्रणालीवर काम करताना ती घडवली आणि 2009 मध्ये प्रसिद्ध केली. टॉवेलच्या कारखान्यालाही ती तितकीच लागू पडते.

उणीव एका ठिकाणी ठळक जाणवली. ‘केलेच पाहिजे’, ‘करावे’ आणि ‘करता येईल’ ही बंधनाची उतरंड त्यांनी इंटरनेटच्या मानकांसाठी लिहिलेल्या 1997 च्या आरएफसी 2119 या दस्तऐवजावरून घेतली आहे; परंतु सरकारी पत्रातले ‘सादर करावे’ हा हुकूमच असतो अशी सवय असलेल्या आमच्या माणसांनी ‘करावे’ची सगळी वाक्ये सक्तीची समजूनच वाचली. या उतरंडीत ‘करावे’ म्हणजे शिफारस, सक्ती नव्हे, हा खुलासा पहिल्याच पानावर हवा होता, तो परिशिष्टात सापडला.

शुल्क पानांवर आकारले जाते, त्यामुळे मसुद्यातील पुनरुक्ती आधी आपणच काढलेली बरी. शिवाय स्टोअरमधला एक जाणता माणूस त्यांच्यासाठी मोकळा ठेवावा, कारण मालकाने फोनवर परस्पर दिलेली उत्तरे ते ग्राह्य धरत नाहीत.