अगत्ती की मिनिकॉय? लक्षद्वीपला निघण्याआधी

लक्षद्वीपला जायचं म्हटलं की बहुतेकांना वाटतं, एकदा तिथे पोहोचलो की चार-पाच बेटं फिरून येऊ. तसं होत नाही. बेटं 36, वस्ती जेमतेम दहा-अकरांवर, सगळी जमीन मिळून 32 चौरस किलोमीटर, आणि दोन बेटांच्या मधे उघडा समुद्र. एका बेटावरून दुसऱ्यावर जायला जहाजाची किंवा वेगवान बोटीची वेळ जुळावी लागते, आणि परवानाही ज्या बेटाचा काढला त्याच बेटाचा असतो. म्हणून बेट घरूनच निवडून निघावं लागतं. शांतता हवी, गर्दी नको, मासेमारीवर जगणारं गाव जवळून बघायचंय अशी इच्छा असेल, तर माझ्या मते निवड दोनच नावांत आहे: अगत्ती आणि मिनिकॉय.

दोन्ही प्रवाळ बेटं. दोन्हींच्या पश्चिमेला लगून, म्हणजे पोवळ्यांच्या कड्याने अडवलेलं उथळ, शांत पाणी, आणि पूर्वेला लाटा आपटणारा खडकाळ किनारा. दोन्हीकडे माडांची दाटी, मुस्लिम वस्ती आणि कुप्याची, म्हणजे ट्यूनाची, मासेमारी. फोटो शेजारी ठेवले तर कुठलं कुठलं ते ओळखूही येणार नाही. फरक आहे तो पोहोचण्यात आणि गावात.

पोहोचण्याचं आधी बघू, कारण अर्ध्या लोकांचा निर्णय तिथेच होतो. लक्षद्वीपचा एकमेव विमानतळ अगत्तीवर आहे, 1988 पासून. बेटाच्या दक्षिणेकडच्या चिंचोळ्या शेपटीवर आखूड धावपट्टी, दोन्ही बाजूंना पाणी. लहान विमानंच उतरतात, त्यामुळे सामानाच्या वजनाची मर्यादा तिकीट काढतानाच नीट वाचून घ्या. कोचीहून साधारण दीड तास लागतो. मुंबई-पुण्याहून सकाळी निघून कोचीत विमान बदललं, तर वेळा जुळल्यास त्याच दिवशी अगत्तीच्या वाळूवर पाय लागतात.

मिनिकॉयला प्रवासी विमान नाही. कोचीहून जहाजच. अंतर सुमारे 400 किलोमीटर, आणि जहाज वाटेत दुसऱ्या बेटावर थांबणार असेल तर रात्र आणि वर बराचसा दिवसही जातो. जहाजांचं वेळापत्रक आधी फार लांबचं मिळत नाही, मिळालं तरी हवामानाप्रमाणे हलतं, आणि परतीचं तिकीट मिळणं हे जातानाच्या तिकिटापेक्षा अवघड. मिनिकॉयला जाताना रजेला मागे-पुढे दोन-तीन दिवसांची मोकळीक ठेवलीच पाहिजे. सोमवारी ऑफिसला हजर व्हायचंच आहे अशा माणसाने मिनिकॉयचा विचार करू नये, हे मी अगदी मनापासून सांगते.

आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर आणखी एक गोष्ट. मोठं जहाज बऱ्याचदा लगूनच्या बाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि तिथून लहान बोटीत उतरावं लागतं. जहाजाच्या दारातून बोट खाली-वर होताना दिसते, खलाशी दोन्ही दंडांना धरतात, आणि लाट बोटीला वर आणते त्या क्षणी पाऊल टाकायचं असतं. ते लोक हे काम रोज करतात, घाई करत नाहीत, म्हाताऱ्या माणसांना अक्षरशः उचलून घेतात. तरी गुडघ्याचं दुखणं असलेल्या माणसाला हा क्षण जड जातो. अशा वेळी अगत्तीच घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

तारखांचं म्हणाल तर मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दोन्ही बेटांचा विचार सोडा. पावसाळी समुद्रात पर्यटन जवळजवळ बंद असतं.

आता पाणी. अगत्तीचं लगून आटोपशीर आहे, बहुतेक मुक्काम त्याच्या काठाला, आणि उत्तरेला बोटीने जाऊन येता येईल अशा अंतरावर बंगारम आणि तिन्नकरा ही बेटं. पोहता न येणाऱ्यालासुद्धा लाइफ जॅकेट घालून तोंड पाण्यात बुडवलं की मासे दिसतात. अगत्तीच्या लगूनमध्ये हिरवी कासवं विशेष दिसतात. ती समुद्री गवत खायला येतात, आणि एके काळी इतकी आली की तळाची गवताळ कुरणं चरून चरून विरळ झाली. गवतात वाढणारे मासेही त्याबरोबर कमी झाले, त्यामुळे पर्यटक ज्या कासवाला बघून आनंदाने ओरडतो त्याच कासवाबद्दल अगत्तीचा मच्छीमार कुरकुरत असतो. दोघांचंही खरं आहे. तिथल्या कोणाशी याविषयी जरूर बोला.

मिनिकॉयचं लगून अगत्तीच्या जवळपास दुप्पट, तीसेक चौरस किलोमीटरचं. तिथला तुंडी किनारा 2022 मध्ये ब्लू फ्लॅगच्या, म्हणजे स्वच्छ किनाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय, यादीत आला. पण स्कूबा, कयाक, काचेच्या तळाची बोट या सगळ्याची सोय आणि निवड अगत्ती-बंगारमकडे जास्त. पाण्यातल्या खेळांसाठीच जायचं असेल तर मिनिकॉयपर्यंत दमण्याची गरज नाही.

पोवळ्यांबद्दल मात्र मनाची तयारी दोन्हीकडे ठेवा. 1998, 2010, 2016 आणि 2024 या वर्षांत पाणी तापून लक्षद्वीपची पोवळी मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. जाहिरातीतले रंग सगळीकडे मिळणार नाहीत. राखाडी, मेलेल्या पोवळ्यांचे पट्टे दिसतील. त्यांच्यामधून नवी पोवळी कुठे कुठे फुटताना दिसतात, त्यावर चुकूनही पाय ठेवू नका.

मिनिकॉय निवडावं ते गावासाठी. बाकीच्या बेटांपासून ते जवळजवळ 200 किलोमीटर दक्षिणेला, ‘नाइन डिग्री चॅनल’ नावाच्या रुंद सागरी पट्ट्यापलीकडे आहे. मालदीवचं उत्तर टोक त्याहून जवळ पडतं. इतर बेटांवर मल्याळमच्या जवळची जेसरी बोलतात, तर इथे महल, म्हणजे मालदीवच्या दिवेही भाषेचंच रूप, आणि लिपी उजवीकडून डावीकडे जाणारी थाना. वस्ती एकसंध नाही, एकाला एक लागून असलेल्या गावांमध्ये वाटलेली आहे. त्या गावाला तिथे ‘अवाह’ म्हणतात. प्रत्येक अवाहचा पुरुषांमधला प्रमुख बोडुकाका आणि बायकांमधली प्रमुख बोडुताता. वाटा झाडलेल्या, गावांची सामाईक घरं रंगवलेली, आणि शर्यतीच्या लांबलचक होड्या, म्हणजे जहाधोणी, शेडमध्ये ठेवलेल्या. घर आणि वारसा आईकडून चालतो. पुरुष कित्येक पिढ्या व्यापारी जहाजांवर खलाशी म्हणून जगभर फिरलेत, त्यामुळे वयस्क माणसांशी हिंदीत गप्पा होतात, आणि मुंबई बंदर त्यांच्यातल्या अनेकांनी पाहिलेलं असतं.

कुप्याची गळ-काठीने होणारी मासेमारी बघायचीच असेल तर तीही इथेच बघावी, कारण ती इथली आहे. 1960 नंतर यांत्रिक बोटी आल्या आणि मिनिकॉयची ही पद्धत अगत्तीसकट इतर बेटांवर पोहोचली. पहाटे बोट आधी लगूनमध्येच फिरते. पोवळ्यांच्या आसऱ्याला असणारे हाताच्या बोटाएवढे चंदेरी मासे जाळ्याने उचलायचे आणि बोटीच्या पोटातल्या टाकीत जिवंत ठेवायचे. टाकीला भोकं असतात, त्यातून समुद्राचं पाणी खेळतं राहतं. मग बाहेर खोल समुद्रात पक्षी कुठे घिरट्या घालताहेत ते शोधायचं. थवा सापडला की एकजण मूठमूठभर जिवंत मासे फेकतो, बोटीवरून पाण्याचे फवारे उडवले जातात, म्हणजे वर छोट्या माशांची झुंड उसळलीय असं कुप्यांना वाटतं. मागच्या फळ्यांवर माणसं ओळीने उभी असतात, हातात लांब काठ्या. गळाच्या टोकाला मासा अडकवून ठेवणारा उलटा काटा नसतो. मासा लागला की काठीचा एक हिसका, मासा हवेतून मागे येतो, गळातून आपोआप सुटून फळ्यांवर आपटतो, आणि काठी पुन्हा पाण्यात. कोणी मासा काढायला वाकत नाही. थवा हलेपर्यंत हेच, न थांबता.

या पद्धतीत दुसरा कुठलाही जीव फारसा मरत नाही. पर्ससीनच्या, म्हणजे थवाच्या थवा वेढणाऱ्या जाळ्यांच्या, आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरून कोकणात वर्षानुवर्षं चाललेले वाद ज्यांना ठाऊक आहेत, त्यांनी तरी हे एकदा डोळ्यांनी बघावं असं मला फार वाटतं. आणि पोवळी मेली तर फक्त देखावा जातो असं नाही, हेही तिथे कळतं: पोवळी गेली की चाऱ्याचे मासे जातात, चारा नसला की बोट कुप्याकडे जाऊच शकत नाही.

किनाऱ्यावर त्याच माशाचं मासमीन होतं. कुपा सोलून लांब फाकी करायच्या, मिठाच्या पाण्यात उकडायच्या, नारळाच्या सोडणाच्या धुरावर धरायच्या आणि मग दिवसचे दिवस उन्हात. तयार तुकडा लाकडाच्या ढलपीसारखा कडक, काळपट तपकिरी होतो आणि महिनोन्महिने टिकतो. शेडमध्ये शिरलं की धूर आणि माशाचा वास कपड्यांत बसतो. काम करणाऱ्यांना विचारून आत जा, फोटोही विचारूनच काढा, बायकांचे तर नक्कीच. सहसा कोणी नाही म्हणत नाही, उलट तुकडा हातावर ठेवतात.

मग अगत्तीच्या गावात काहीच नाही का? आहे, पण ते तुम्हाला शोधावं लागतं, कारण रिसॉर्टवाला गावात जायचं सुचवत नाही. मोठ्या ओहोटीला पूर्वेचा खडक उघडा पडतो. पुरुष आणि बायका टोकदार सळी घेऊन त्यावर ऑक्टोपस शोधायला उतरतात. बिळाच्या तोंडाशी रिकामे शिंपले पडलेले दिसले की आत कोणीतरी बसलंय, हे त्यांना लांबूनच कळतं. ही शिकार घरच्या कालवणासाठी चालत आलेली. भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या संध्याकाळी गावात विचारून ठेवा आणि पायात जाड तळव्याच्या चपला घाला, खडक कापतो. अगत्तीवर कुप्याच्या बोटीही भरपूर आहेत. संध्याकाळी त्या परततात तेव्हा किनाऱ्यावर अर्धा तास उभं राहिलात तरी पुष्कळ दिसेल.

इथे जेवणाबद्दल एक विनंती, दोन्ही बेटांसाठी. पूर्वी लक्षद्वीपचा मच्छीमार बाहेरच्या समुद्रातला कुपा पकडायचा, म्हणून खडकावरचे मासे बऱ्यापैकी वाचले. अलीकडे हेकरूसारख्या खडकावरच्या माशांना मागणी वाढलीय, आणि त्यात पर्यटकांच्या ताटाचाही वाटा आहे. हेकरूसारखे मासे सावकाश वाढतात, आणि खडकावरचे दुसरे काही मासे पोवळ्यांवरचं शेवाळ खाऊन खडक साफ ठेवतात. आचाऱ्याला सांगा, कुपाच द्या. खोबरं घालून केलेला कुपा आणि भात रोज खाल्ला तरी कंटाळा येत नाही.

दारू वस्तीच्या बेटांवर मिळत नाही. ज्यांना ती हवीच आहे त्यांच्यासाठी बंगारम आहे, म्हणजे पुन्हा अगत्तीमार्गेच. पोहण्याचे कपडे पर्यटकांच्या किनाऱ्यावर ठीक, गावातून जाताना अंगभर. इंटरनेटची रड पूर्वीइतकी उरलेली नाही, 2024 पासून समुद्राखालची केबल कोचीहून आली आहे. रोख पैसे मात्र जवळ असू द्या.

परवान्याचं काम पाहुणचार करणाऱ्या संस्थेकडून किंवा ऑनलाइन होतं. पोलिसांचा दाखला लागू शकतो, त्याला वेळ धरा. घरातलं कोणी परदेशी पासपोर्टवर असेल, तर मिनिकॉय आजवर त्यांच्यासाठी खुलं नव्हतं. अगत्ती, बंगारम, कदमत एवढंच. अमेरिकेहून आलेल्या भावाला बरोबर न्यायचं असेल तर सगळ्यात आधी हा नियम तपासून घ्या.

जहाजाच्या फेरीचा एक तिसरा मार्गही तुम्हाला कोणीतरी सुचवेल: रात्री जहाजावर झोपायचं, दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय एकेक उतरून बघायचं. ज्यांना बोटीचा प्रवास आवडतो त्यांना मजा येते. पण त्यात मिनिकॉयचे काही तास मिळतात, 1885 चं दीपगृह चढून होतं, जेवण होतं, आणि बोट परत बोलावते. पहाटेच्या बोटी तोवर कधीच निघून गेलेल्या असतात. मिनिकॉयला जायचं तर राहायलाच जायचं, तीन रात्री तरी.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्या, मुलंबाळं बरोबर असलेल्या, आठवड्याची रजा मोजून मिळालेल्या माणसाला मी अगत्तीच सांगेन, आणि त्यातली एक ओहोटी व एक संध्याकाळ गावासाठी राखून ठेवायला सांगेन. दोघं-तिघं असाल, तब्येती ठणठणीत असतील, रजा सैल असेल, तर जानेवारी-फेब्रुवारीत मिनिकॉय गाठा. तेव्हा समुद्र शांत असतो आणि कुप्याचा हंगाम भरात असतो. परतताना मासमीन घ्या, खोबरं-गुळाची वड्यांसारखी मिठाई घ्या. शिंपले आणि पोवळ्याचे तुकडे मात्र वाळूवर पडलेले दिसले तरी उचलू नका. पोवळी उचलणं कायद्याने गुन्हा आहे आणि सामान तपासलं जातं.