तिसरा ओटीपी

माझे पन्नास हजार गेले, पण ते कुणा हॅकरने नेले नाहीत. माझ्याच घरात, माझ्याच फोनवर आलेला आकडा मी मोठ्याने वाचून दाखवला आणि पैसे गेले. समोर बसलेला मुलगा तोतया नव्हता. गळ्यात बँकेचं ओळखपत्र होतं, ते खरं होतं. बँकही खरी, मोठी, सगळ्यांना माहीत असलेली. नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून बँकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे आहे आणि मला नव्या भानगडी नकोत.

जुन्या बँकेत माझं खातं एकोणीस वर्षं होतं. व्याज तीन टक्के. अ‍ॅप असं की उघडेपर्यंत चहा निवावा. पण तिथे क्लिअरिंगचं, म्हणजे चेक वटवण्याचं टेबल सांभाळणारे एक साहेब होते. एकदा जानेवारीत मी चेकवर सवयीने मागच्याच वर्षाचं साल टाकलं. असा चेक मुदत संपलेला ठरतो आणि सरळ परत जातो. साहेबांचा फोन आला, "मॅडम, साल चुकलंय. समोरच्यांना कळवून दुसरा चेक द्या, म्हणजे उगाच दंड नको." त्या फोनची किंमत काय, हे कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं नसतं. त्यामुळे मीही ती कधी धरली नाही.

मग ऑफिसातल्या एकीने तिच्या नव्या खात्याचं कौतुक सुरू केलं. सात टक्के व्याज, खातं उघडल्याबद्दल पाच हजार बोनस, कार्डावर कॅशबॅक. ती खोटं बोलत नव्हती, तिला बोनस मिळाला होता. मी एकोणीस वर्षं बावळटासारखी तीन टक्क्यांवर बसले आहे, असं मला वाटायला लागलं. खरं सांगायचं तर लोभापेक्षा ही लाजच मला जास्त महाग पडली.

तिच्याकडून नंबर घेतला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिलेशनशिप मॅनेजर घरी हजर. बोलायला गोड, पंचविशीचा, घामाघूम. "मॅडम, महिनाअखेर आहे, आजच करून टाकू, ऑफर परवा बंद होतेय." टॅबवर त्यानेच फॉर्म भरला. मी नाव, पत्ता, पगार सांगत गेले. तो बोटाने पानं सरकवत होता आणि टॅब त्याच्याकडे तोंड करून होता. हे मला तेव्हा खटकलं नाही. आता कुणी टॅब घेऊन बसलं की मी आधी तो माझ्याकडे वळवून घेते.

पहिला ओटीपी आला, मोबाइल नंबर तपासायला. मी वाचून दाखवला. दुसरा केवायसीसाठी. तोही वाचला. मग तो म्हणाला, "बोनससाठी एक सेव्हिंग प्लॅन अ‍ॅक्टिव्हेट करावा लागतो. पैसे तुमचेच राहतात, एफडीसारखं समजा. आणखी एक ओटीपी येईल." आला. फोनच्या वरच्या पट्टीत मेसेजची पहिली ओळ तेवढी दिसते आणि त्या ओळीत आकडे असतात. बाकीचा मजकूर तीन टिंबांच्या मागे. मी सहा आकडे वाचले आणि पट्टी बोटाने वर ढकलून दिली.

सदतीस दिवसांनी मी तो मेसेज उघडला. आकड्यांच्या पुढे लिहिलं होतं की हा ओटीपी सांगून आपण आयुर्विमा प्रस्तावाला आणि वार्षिक हप्ता खात्यातून आपोआप वळता करायला संमती देत आहात. मुदत दहा वर्षं, हप्ता वर्षाला पन्नास हजार. सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. मला कुणी वाचू नका असंही म्हटलं नव्हतं.

जाताना त्याने आणखी एक गोष्ट सांगून ठेवली होती, "एक व्हेरिफिकेशनचा फोन येईल. सगळ्याला हो म्हणा, नाहीतर खातं अडकतं." फोन आला तेव्हा मी लिफ्टच्या रांगेत होते. पलीकडची बाई गाडी सुटत असल्यासारखी वाचत होती. मी हो म्हटलं, हो म्हटलं, आणखी एकदा हो म्हटलं. ते रेकॉर्डिंग पुढे मला तक्रारीच्या उत्तरात ऐकवण्यात आलं. त्यात "हा विमा आहे, हे तुम्हाला समजलं आहे का?" असं अगदी स्पष्ट ऐकू येतं. त्यावरचं माझं "हो हो" तर त्याहून स्पष्ट.

मला कळलं ते विम्यामुळे नाही, दंडामुळे. स्टेटमेंटमध्ये किमान शिल्लक न राखल्याचा आकार दिसला आणि मी चिडले, कारण मी एक लाख वीस हजार भरले होते आणि अट महिन्याला सरासरी एक लाख शिलकीची होती. मग खाली नजर गेली तर नवव्या दिवशी पन्नास हजार वळते झालेले. सरासरी शिल्लक म्हणजे महिन्याच्या रोजच्या अखेरच्या शिल्लकांची बेरीज भागिले दिवस. आठ दिवस एक लाख वीस हजार, उरलेले बावीस दिवस सत्तर हजार. सरासरी येते त्र्याऐंशी हजार तीनशे तेहतीस. अट मोडली. अट मोडली म्हणून दंड, आणि बोनस पहिले तीन महिने अट पाळणाऱ्यांना, म्हणून तोही गेला. ज्या प्लॅनवाचून बोनस मिळत नाही म्हणून तो घ्यायला लावला, त्या प्लॅनच्या हप्त्यानेच बोनस घालवला. हा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा मला चक्क हसू आलं.

आणि सात टक्के? ते एक लाखाच्या वरच्या रकमेवर होतं. खालच्या लाखावर तीनच. म्हणजे एक लाख वीस हजार वर्षभर तसेच राहिले असते तर तीन हजार अधिक चौदाशे, सरासरी पावणेचार टक्केसुद्धा नाही. सत्तर हजारांवर तर सरळ तीन टक्के, जुन्या बँकेइतकेच. जाहिरातीत सातचा आकडा तळहाताएवढा होता. त्याच्या डोक्यावर एक चांदणी होती, आणि तिचा खुलासा पानाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात.

विमा परत करता येतो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. पॉलिसी हाती आल्यापासून ठरावीक दिवसांत ती कारण न देता परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात आणि किती दिवस ते पॉलिसीच्या कागदांतच लिहिलेलं असतं. माझे तीस होते. पॉलिसी ईमेलने आली होती, पासवर्ड घातलेली फाइल, जाहिरातींच्या कप्प्यात पडलेली. मी उघडली ती मुदत संपून गेल्यावर. तुम्ही अलीकडे कुठे खातं उघडलं असेल, तर हे वाचणं इथेच थांबवून तो कप्पा बघून या. खरंच.

याच दरम्यान दुसरा घोळ. जुनं खातं बंद करायलाही त्याच मुलाने सांगितलं होतं. "हप्ते वगैरे सगळं आम्ही वळवून घेतो." ब्रिटनमध्ये २०१३ पासून अशी व्यवस्था आहे, नवी बँक ७ कामकाजी दिवसांत खातं, हप्ते, येणारे पैसे सगळं वळवून घेते. मी कुठेतरी वाचलं होतं, तसलंच काही असेल असं धरून चालले. या बँकेकडे असं काही नव्हतं. जुन्या बँकेतल्या साहेबांनी खातं बंद करताना विचारलंसुद्धा, "सगळी मँडेट हलवली ना?" मँडेट म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप वळता करायची परवानगी. मी तोऱ्यात हो म्हटलं. गृहकर्जाचा हप्ता बंद खात्यावर जाऊन आपटला. दंड बसला, आणि क्रेडिट अहवालात उशिराची नोंद झाली ती वेगळीच.

रागाच्या भरात मी बँकेच्या सोशल मीडियावरच्या पानाखाली सगळं लिहिलं. वीस मिनिटांत फोन. "मॅडम, आपली तक्रार आली आहे, रिफंड प्रोसेस करतो. एक अ‍ॅप टाका, स्क्रीन दाखवा." मी अ‍ॅप शोधायलाही लागले होते. तो म्हणाला, "आता एक ओटीपी येईल, तो वाचून दाखवा," आणि माझ्या पोटात धस्स झालं. फोन कापला. तो माणूस मात्र शंभर टक्के तोतया होता. अशा तक्रारींवर ही मंडळी घारीसारखी टपून असतात. चौथा ओटीपी वाचला असता तर उरलेले सत्तर हजारही गेले असते.

नंतर बरंच वाचत बसले, कारण हे फक्त माझ्याच वाट्याला आलंय का, हे मला जाणून घ्यायचं होतं. अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेचं प्रकरण २०१६ मध्ये बाहेर आलं. विक्रीची टार्गेटं गाठायला कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली होती, आणि बँकेला साडेअठरा कोटी डॉलर भरावे लागले. ब्रिटनमध्ये कर्जाबरोबर गळ्यात मारलेल्या पीपीआय नावाच्या विम्याची भरपाई ३,८०० कोटी पौंडांच्या घरात गेली. हे वाचल्यावर त्या पोरावरचा माझा राग निम्मा झाला. घामाघूम का होता ते कळलं. विम्याच्या पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर विकणाऱ्याला सगळ्यात जास्त कमिशन असतं, म्हणजे सात टक्के हा गळ होता आणि धंदा तिसऱ्या ओटीपीत होता. निम्मा राग अर्थात शिल्लक आहे. "पैसे तुमचेच राहतात" हे वाक्य त्याने माझ्या डोळ्यांत बघून म्हटलं होतं.

बँकेने दंड परत केला. बोनस नाही, हप्ता नाही. उत्तरात लिहिलं, "आपण तीन टप्प्यांवर संमती दिली आहे." तोंडी बोललेल्याचा माझ्याकडे एक कागद नाही, एक मेसेज नाही. त्या संध्याकाळी नुसतं म्हणायचं होतं, "हे सगळं मला बँकेच्या ईमेलवरून लिहून पाठवा, मग बघू." ऑफर परवा बंद होते म्हणे. गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या आणखी एकाने ती घेतली. जुनं खातंही थोडे पैसे ठेवून तीन महिने चालू ठेवायला हवं होतं, म्हणजे कुठला हप्ता विसरला गेला ते आपसूक वर आलं असतं. आणि फायदा मोजताना टक्क्यांत मोजायला नको होतं. माझ्या शिल्लकेवर वर्षाला हातात नक्की किती येणार, तो एक आकडा काढला असता तर त्या मुलाला मी पाणी देऊन दारातूनच परत पाठवलं असतं.

मी जुन्या बँकेत परत गेले. जुना खाते नंबर मिळत नाही, नवा घ्यावा लागला. साहेब काही बोलले नाहीत. फॉर्म स्वतः भरायला दिला आणि मी एकेक ओळ वाचेपर्यंत समोर बसून राहिले. व्याज तीन टक्के.

राहिलं होतं ते विम्याच्या पुढच्या हप्त्याचं मँडेट. ते रद्द करायला मी नव्या बँकेच्या शाखेत गेले, अर्ज दोन प्रतींत नेला आणि पोच मागितली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "शिक्का कशाला मॅडम? तुम्हाला मेसेज येईल ना."

"मेसेज येऊ दे," मी म्हटलं, "तो मी पूर्ण वाचते. तोपर्यंत शिक्का मारा."

मारला. तारखेसकट.